ढिली तार

“लागलं, लागलं!” म्हणत दाजींनी असा हिसका दिला की शिसं, गळ, कणकेची गोळी सगळं पाण्यातून सुटलं आणि मागच्या बाभळीत जाऊन लटकलं. सकाळपासूनची ही चौथी खेप. “काठी एवढी हलली की ओ भाऊ, तुम्ही पण बघितलंय,” दाजी म्हणाले. बघितलं होतं. हललीही होती. पण काठी हलली म्हणजे मासा लागला असं नसतं, हे मी त्यांना पाच-सहा वर्षं सांगतोय आणि ते पाच-सहा वर्षं बाभळीतून गळ काढतायत.

आम्ही कुडलला होतो. सोलापूरहून विजापूर रोडनं निघायचं, वडकबाळला सीनेचा पूल ओलांडायचा आणि मंद्रूपकडून आत वळायचं. चाळीसेक किलोमीटर होतं. तिथं सीना भीमेला मिळते. संगमावर संगमेश्वराचं जुनं देऊळ आहे आणि त्या देवळात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख आहे. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांमध्ये तो धरतात. त्यातल्या मराठी ओळीचा अर्थ सांगतात तो असा, की जो हे वाचील तो विजयी होईल. पहिल्यांदा दाजींना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग तुम्ही वाचत बसा, आम्ही मासा खातो.”

मी वाचतच बसतो. तोच माझा छंद आहे असं म्हटलं तरी चालेल. मासा पिशवीत आला तर उत्तम, पण पाण्याखाली बारा-पंधरा हातांवर काय चाललंय हे एका तंगुसावरून, म्हणजे गळाच्या दोऱ्यावरून, ओळखायचं, यात मला जास्त मजा येते.

ही सवय कारखान्यातली. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मी ३१ वर्षं जॉबर होतो. माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो जॉबर. चालू मागाच्या ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर (आम्ही त्यांना तारा म्हणतो), तळहात अलगद फिरवला की कुठं ताण जास्त, कुठं कमी, ते हाताला कळायचं. खडखडाटात कानाचा उपयोग शून्य, आणि डोळ्यांसमोर हजारो तारा, त्यात एकटी कुठली दिसणार? तुटलेल्या तारेचं मला कधी टेन्शन आलं नाही. तार तुटली की तिच्यावरची पत्ती पडते, माग थांबतो, कामगार गाठ मारतो, विषय संपला. घात करायची ती ढिली तार. ती तुटत नाही, माग थांबवत नाही, गपचूप कापडात जात राहते, आणि चार टॉवेल होऊन गेल्यावर मालक वर बोलावतो.

गळ टाकायला शिकवलं ते तात्यांनी. टाकळीच्या पुलाच्या अलीकडं भीमेवर त्यांची होडी असायची. पलीकडं कर्नाटक. तात्यांकडं काठी नव्हती, रीळ नव्हतं. दारूच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळलेलं तंगूस, टोकाला शिसं आणि दोन गळ. डोक्यावर दोरीचा एक फेरा मारून ते टाकायचे आणि मग तंगूस उजव्या हाताच्या पहिल्या बोटावरून घेऊन अंगठा नुसता टेकवून बसायचे. मी पंचविशीतला, बाजारातून नवीन काठी घेऊन गेलेलो. काठीला घुंगरू बांधलेलं. तात्यांनी त्या घुंगराकडं बघितलं आणि म्हणाले, “बैल बांधायलास का बे इथं?”

नंतर त्यांनी मला चप्पल काढायला लावली. काठावर पाय आपटायचा नाही, दगड सरकवायचा नाही, डबा दाणकन ठेवायचा नाही. मला वाटलं नदीला मान देतायत. पुढं वाचण्यात आलं, की रोहू-मृगळाच्या जातीच्या माशांमध्ये पोटातल्या हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची एक साखळीच असते, त्यामुळं त्यांना फार चांगलं ऐकू येतं. तात्यांनी यातलं काही वाचलं नव्हतं. त्यांच्या लक्षात एवढंच आलेलं, की बूट घालून येणाऱ्याला मासा मिळत नाही.

आता टिचक्यांचं, म्हणजे मासा गोळीला तोंड लावतो तेव्हा काठीला कळतं त्याचं, सांगतो. आधी चिलापी, कारण दाजींचे चारातले तीन हिसके तिच्यापायी जातात. मूळची आफ्रिकेतली, पण उजनीत आणि खाली भीमेत अशी मुरलीय की आता घरचीच झालीय. ती गोळी गिळत नाही, टोचते. काठीचं टोक टक-टक, टक-टक-टक असं चालतं, शिलाई मशीनसारखं. यावर हिसका मारला की गळ स्वच्छ धुऊन वर. मी टकटक सुरू झाली की हात मांडीवर ठेवतो. चिलापी टोचत असताना अचानक टकटक बंद पडली तर मात्र सावध व्हायचं. एक तर गोळी संपली, नाहीतर मोठा कुणीतरी आला आणि पोरं पांगली.

रोहू, मृगळ, कटला या मंडळींच्या जबड्यात दातच नसतात. दात असतात घशात. त्यामुळं चावा घेण्याचा प्रश्न येत नाही. पाण्यासकट गोळी आत ओढायची, चव बघायची, शंका आली की फुंकून बाहेर टाकायची. पुन्हा ओढायची. हे आत-बाहेर चाललेलं असतं तेव्हा वर तंगुसावर थरथर येते, वाऱ्यानं यावी तशी. नवीन माणूस इथंच हिसका मारतो, आणि नेमकी त्या वेळी गोळी तोंडाबाहेर असते.

लहानपणी आम्ही ज्वारीच्या ताटाचं भेंड तरंगायला लावायचो. ताट सोलायचं, आतलं पांढरं हलकं भेंड वीतभर कापायचं, तंगूस बांधायचं. मंगळवेढ्याकडच्या ज्वारीचं भेंड उत्तम असतं असं माझं मत आहे, पण मी मामाच्या गावचा अभिमान बाळगून बोलतोय हे गृहीत धरा. उथळ, संथ पाण्यात आजही मी तेच वापरतो. त्यावर मृगळ ओळखणं सोपं. मृगळाचं तोंड खालच्या अंगाला, तो डोकं खाली घालून तळाला खातो. गोळी तोंडात घेऊन तो सरळ झाला की तळाचं बारीक शिसं उचललं जातं आणि पाण्यात उभं असलेलं भेंड बुडायच्या ऐवजी वर येतं. वर येऊन आडवं पडतं. बघणाऱ्याला वाटतं तंगूस तुटलं. तीच वेळ. रोहूचं तसं नाही, तो थरथरवतो, थांबतो, आणि मग भेंड तिरकं होऊन पाण्याखाली सरकत जातं. कटला वरच्या पाण्यातला, वरच्या अंगाला तोंड असलेला. त्याच्यासाठी गोळी तळाला टाकून बसणारा माणूस आणि एसटी स्टँडवर रेल्वेची वाट बघणारा माणूस सारखेच.

गांडूळ लावलं की माणसं बदलतात. वाम गांडूळ घेते ती सावकाश, इतकी सावकाश की टोक वाकतंय ते शेवाळ अडकल्यासारखं वाटतं, आणि तोवर ती दगडाच्या फटीत शेपूट अडकवून बसलेली असते. शिंगट्याचं काम उघड असतं. दोन दणके आणि पळ. मरळीनं बेडूक घेतला तर लगेच ओढायचं नाही. ती घेऊन जरा लांब जाते, थांबते, गिळते. मी मनात ‘पुंडलिक वरदा’ तीनदा म्हणतो. खेकड्याचं ओढणं गोगलगायीसारखं, मध्येच सोडतो, मध्येच धरतो, आणि गोळी वर आली तर कडा कातरलेल्या. कासव लागलं तर देवाचं नाव घ्यायचं, गळ हातानं अलगद काढायचा आणि घरी सांगायचं नाही.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे नुसता अंगाचा धक्का. मासा गोळी खायला आलेलाच नसतो, जाता जाता त्याचं अंग किंवा पर तंगुसाला घासतो. काठी एकदम वाकते, सुटते, आणि पुन्हा सगळं शांत. पुढं थरथर नाही, मागं टिचकी नाही. यावर हिसका मारला तर कधी गळाला एक खवला येतो, म्हणजे पोटाला ओरखडा काढून तुम्ही अख्खा थवा उधळलात. अशा वेळी मी ओढत नाही, उलट खूश होतो. मासे आहेत, आणि गोळीच्या आणि माझ्या मधल्या पाण्यात आहेत एवढं कळलं. पुढचा गळ जवळ टाकायचा.

हे सगळं मी भीमेपुरतं खरं मानत होतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये लेकीकडं नॉटिंगहॅमला दोन महिने राहिलो. शहराच्या कडेनं ट्रेंट नावाची नदी वाहते. घरात बसून बसून मी पडदे मोजायला लागलो तेव्हा जावयानं शेजारच्या गृहस्थांना गाठलं. ते माझ्याच वयाचे, निवृत्त, आणि नदीवर पडीक. तिकडं गळ टाकायला सरकारी परवाना लागतो, तो एका दिवसाचाही मिळतो. शिवाय १५ मार्च ते १५ जून नद्यांवर बार्बेल, चब अशा माशांसाठी गळ टाकायलाच बंदी, विणीचा काळ म्हणून. हे मला फार आवडलं. आपल्याकडं पावसाळ्यात गाभोळीनं फुगलेले मासे बाजारात मांडलेले बघून माझा जीव तुटतो. मी स्वतः आषाढ-श्रावणात काठी माळ्यावर टाकतो.

त्यांच्याकडं दोन मासे महत्त्वाचे, बार्बेल आणि चब. बार्बेल लांबट, खाली तोंड असलेला, तळाला जोराच्या धारेत राहणारा. त्याला चार मिश्या असतात. बार्बा म्हणजे लॅटिनमध्ये दाढी, त्यावरून नाव. तो हातात घेतला तेव्हा मला ओळखीचा वाटला, आणि होताच. आपला महाशीर त्याच्याच गोतावळ्यातला, चार मिश्यांचा. दख्खनच्या महाशीरला कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये शास्त्रीय नाव दिलं, तेव्हा त्याला ‘बार्बस’ गटातच घातलं होतं आणि पुढं इथलंच ‘खुद्री’ हे नाव जोडलं होतं. तो मासा त्याला पुण्याजवळ मुळा-मुठेत मिळालेला, म्हणजे आमच्या भीमेच्या वरच्या अंगाला. माझ्या गळाला सोलापूर भागात खुद्री कधी लागला नाही. लंडनच्या पलीकडं त्याचा चुलता भेटला, इतकंच समाधान.

त्या गृहस्थांनी एक प्लॅस्टिकची जाळीदार डबी तंगुसाला लावली आणि तीत उकडलेल्या काळ्या बिया भरल्या. कसल्या म्हणून विचारलं तर, भांगेच्या. बार्बेलला त्या फार आवडतात म्हणे. मी जावयाकडं बघितलं, जावयानं नदीकडं. काठ्या त्यांनी आकाशाकडं तोंड करून उभ्या ठेवल्या, म्हणजे तंगूस धारेतून जितकं वर राहील तितकं बरं. मग चहा आणि गप्प बसणं. साडेआठच्या सुमाराला सूर्य मावळला आणि टोक हलायला लागलं. खट. खट-खट. जरा वाकलं, सुटलं. पुन्हा खट-खट. माझा हात आपोआप पुढं गेला, तर त्यांनी नुसती मान हलवली आणि म्हणाले, “चब.”

चबचं तोंड मोठं, ओठ जाड. तो गोळी ओठांत धरून खडखडवतो, हलवतो, चोथा करतो, पण गळापासून लांब राहतो. दात त्याचेही घशातच. थोडक्यात, अंगानं मोठी चिलापी म्हणा. काठी नाचते आणि हाती काही येत नाही. पंधरा मिनिटं हा खेळ चालला आणि ते गृहस्थ सँडविच खात राहिले. दाजी असते तर ट्रेंटच्या काठावर झाड उरलं नसतं.

मग खडखड थांबली. मिनिटभर काही नाही. आणि काठी वाकली म्हणजे अशी वाकली की टिचकी-बिचकी शब्दच फोल. पूर्ण कमान होऊन ती स्टँडवरून निघालीच होती, त्यांनी दोन्ही हातांनी झेप घेतली. हिसका मारायचा प्रश्नच नव्हता, माशानं स्वतःच मारून घेतला होता. नंतर मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी मी समजून घेतलं ते असं. जड डबीचा धक्का ओठाला बसला की बार्बेल बिचकून पळतो, आणि पळण्यातच गळ रुतवून घेतो. वर काढल्यावर त्यांनी मासा मारला नाही. ओल्या जाळीत ठेवला, मग पाण्यात धारेकडं तोंड करून दोन्ही हातांत धरून ठेवला, दमलेला असतो म्हणून, आणि त्यानं शेपूट मारली तेव्हा सोडला. मी सांगितलं की आमच्याकडं याचं कालवण झालं असतं. ते हसले. माझं इंग्रजी त्यांना कळलं नसावं.

पण खरी गंमत दुसऱ्या संध्याकाळी झाली. त्यांनी गळ धारेच्या खालच्या अंगाला टाकला होता, त्यामुळं धारेच्या ओढीनं टोक थोडं वाकून स्थिर होतं. बघता बघता ते वाकलेलं टोक सरळ झालं. बस. टकटक नाही, थरथर नाही, ओढ नाही. तंगूस पोटाशी ढिलं पडलं. मी मराठीत ओरडलो, “ओ साहेब, ढिली पडली!” आणि ते त्याच क्षणी उठून रीळ फिरवायला लागले होते. गोळी उचलून मासा धारेवर चढून आमच्याकडं येत होता. मोठा चब निघाला. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, तुला कसं कळलं? टॉवेलचा कारखाना इंग्रजीत कसा समजावून सांगायचा, मी नुसता तळहात हवेत फिरवून दाखवला.

तात्यांचा हात असाच होता. ओढीला ते कधी उठत नसत. “ओढ आली तर मासा तुला सांगतोय,” म्हणायचे, “ढिलं पडलं तर लपवतोय.” बोटावर तंगूस घ्यायचं कारणही हेच. घुंगरू ओढीला वाजतं, ढिलं पडण्याला त्याच्याकडं आवाज नाही.

एक सावधगिरी आमच्या नदीवर जास्त घ्यावी लागते. सोलापूरला पिण्यासाठी उजनीतून नदीत पाणी सोडतात, ते खाली औजच्या बंधाऱ्यापर्यंत यायला आठवडाभर तरी लागतो. ते पाणी पोचायला लागलं की सगळ्यांच्या काठ्या एकदम हळूहळू वाकतात आणि काठावरची मंडळी एकदम उठून उभी राहतात. एकाच काठीला काही झालं तर मासा, सगळ्यांना झालं तर पाटबंधारे खातं.

तर कुडल. दुपारचे दोन. बाभळीतला गळ काढून, नवीन बांधून, दाजींनी पाचव्यांदा टाकला होता, या वेळी जरा खालच्या अंगाला, तेही चुकून. त्यांच्या काठीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत घेतलेलं घुंगरू आहे. ते काढा म्हणून मी थकलो. आम्ही कडक भाकरी आणि शेंगा चटणी काढली. दाजी भाकरी मोडत होते. माझी नजर सवयीनं त्यांच्या काठीवर गेली. तंगूस पाण्यात घुसत होतं तिथं एक वीतभर झोळ आला होता. मग दीड वीत.

“दाजी,” मी हळूच म्हटलं, “तंगूस बघा.”

“कुठं काय हललं? घुंगरू वाजलं नाही की ओ.”

“भाकरी ठेवा. रीळ फिरवा. हिसका नको, नुसतं फिरवा, ताण येईपर्यंत.”

माझा आवाज कारखान्यातला निघाला असावा, कारण त्यांनी खरंच भाकरी ठेवली. रीळ फिरवत गेले, झोळ संपला, तंगूस ताठ झालं, काठी वाकली आणि तेव्हा कुठं ते घुंगरू वाजलं. दाजींचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मृगळ होता, अंदाजे दोन किलोचा, आणि दहा मिनिटं त्यानं दाजींना चिखलात नाचवलं.

संध्याकाळी घरी ताईनं मासा परातीत घेतला, आणि कसा मिळाला म्हणून विचारलं. दाजींनी दोन्ही हात लांब केले. “काय सांगू तुला, असा ओढला, असा ओढला! घुंगरू तर थांबायलाच तयार नाही. काठीच जायची पाण्यात.” मग माझ्याकडं वळून, “हो की नाही ओ भाऊ?”

मी हो म्हटलं. कालवण व्हायचं होतं अजून.